‘फुल कव्हर’ आहे म्हणे!

तुमच्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात आर.सी., पी.यू.सी. आणि पेट्रोल पंपाच्या पावत्यांच्या खाली विम्याचा कागद असेल. सवड झाली की काढून बघा. आपण त्यात काय बघतो? गाडीची किंमत किती धरली, नो क्लेम बोनस किती मिळाला, हप्ता मागच्या वर्षापेक्षा वाढला का. एवढं झालं की घडी घालून कागद परत आत जातो. पण त्यात खाली बारीक अक्षरांत ‘लिमिट्स ऑफ लायबिलिटी’ म्हणून दोन ओळी असतात. आपल्या गाडीनं दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं, तर विमा कंपनी ७,५०,००० रुपयांपर्यंत भरपाई देईल, असं एका ओळीत असतं. माणूस दगावला किंवा जखमी झाला तर? तिथे आकडाच नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार जेवढी रक्कम लागेल तेवढी, अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य असतं.

मी बेळगावातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं गणित शिकवलं. जिथे आकडा हवा तिथे शब्द आले की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जायचा. पण या ठिकाणी आकडा नाही हेच आपलं भाग्य आहे, हे मला कळलं ते बेळगावात नव्हे, सान डिएगोत.

आपण सीमेवरची माणसं. सकाळी कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कोल्हापुरात लग्नाला जावं, दुसऱ्या दिवशी चोर्ला घाटातून पणजीला उतरावं. दोन दिवसांत तीन राज्यं होतात. पाट्यांची भाषा बदलते, पेट्रोलचा दर बदलतो, पोलिसाच्या टोपीचा आकारसुद्धा बदलतो. विम्याचा कागद मात्र तोच चालतो आणि त्यातलं ‘लागेल तेवढी’ हे तीनही राज्यांत ‘लागेल तेवढी’च राहतं. त्यामुळे विम्याला मर्यादा असते, ती राज्याराज्याला वेगळी असू शकते आणि ती संपली की पुढचे पैसे आपल्या खिशातून जातात, हा विचारच आपल्या डोक्यात कधी येत नाही.

आमचा मुलगा बरीच वर्षं सान डिएगोला आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी तिकडे गेलो. आमचे हे वीज मंडळातून निवृत्त. चाळीस वर्षं गाडी चालवतात. आंबोलीच्या धुक्यात, पावसाळ्यात रात्रीच्या वेळी लाइनवर जाऊन आलेला माणूस. अमेरिकेत जाऊन मागच्या सीटवर बसून राहायचं, हे त्यांना आधीपासूनच मान्य नव्हतं. निघण्यापूर्वी आर.टी.ओ. त खेटे घालून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. तशी कॅलिफोर्नियात पाहुण्याला आपल्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते, आणि आपलं लायसन्स इंग्रजीतच असतं. पण जवळ असावं म्हणून घेतलं.

पोचल्यावर आठवडाभरात यांनी किल्ली मागितली. मुलगा गप्प बसला. मग म्हणाला, “बाबा, दोन दिवस थांबा, मला इन्शुरन्सवाल्याशी बोलू दे.” झालं! घरात पारा चढला. “चाळीस वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या गाडीला आणि तुझा माझ्यावर विश्वास नाही?” मुलगा शांतपणे म्हणाला, “तुमच्यावर आहे हो. पॉलिसीवर नाही.”

त्याच्या या उत्तरामागे एक कारण होतं आणि ते मला अर्धंमुर्धं ठाऊक होतं.

मुलाचा इंजिनिअरिंग कॉलेजातला एक मित्र तिकडेच असतो. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरी जेवून-खाऊन वाढलेला, मला काकू म्हणतो. २०२१ साली त्याच्या हातून अपघात झाला. सिग्नलला डावीकडे वळताना (तिकडे डावं वळण म्हणजे आपल्याकडचं उजवं, समोरून येणाऱ्या वाहनांना आडवं जाणारं) समोरून आलेला स्कूटरवाला त्याच्या गाडीवर आदळला. चूक याचीच होती, त्यानं ती तिथल्या तिथे कबूल केली. स्कूटरवाला चाळिशीचा, एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणारा. मांडीचं हाड मोडलं, दोन ऑपरेशनं झाली, चार महिने कामावर जाता आलं नाही.

याला वाटलं, आपला विमा आहे, आणि साधासुधा नाही, ‘फुल कव्हर’ आहे! गाडी कर्जावर घेतलेली, बँकेची अटच असते तशी. गावाकडे फोन करून आईलाही त्यानं तेच सांगितलं, “काळजी करू नको, फुल कव्हर आहे.”

या दोन शब्दांनी किती जणांना झोपवलंय कोण जाणे. अमेरिकेत ‘फुल कव्हरेज’ हा बोलीतला शब्द आहे. त्याचा अर्थ इतकाच की, दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा आहे आणि शिवाय आपल्या स्वतःच्या गाडीचाही आहे. टक्कर, चोरी, काच फुटणं वगैरे. कशाकशाचा विमा आहे ते या शब्दातून कळतं. किती रकमेपर्यंत आहे ते कळत नाही. आपली गाडी नवी करकरीत करून मिळेल, पण समोरच्या माणसाच्या पायासाठी विमा कंपनी किती देणार, ते तीन आकड्यांत लिहिलेलं असतं. त्या मुलाच्या पॉलिसीवर ते आकडे होते १५/३०/५.

हे हजारांत वाचायचं. अपघातात जखमी झालेल्या कुठल्याही एका माणसासाठी जास्तीत जास्त १५,००० डॉलर. माणसं कितीही जखमी होवोत, एका अपघातात सगळ्यांना मिळून ३०,०००. दुसऱ्याच्या गाडीसाठी, कुंपणासाठी, दिव्याच्या खांबासाठी मिळून ५,०००. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं ठरवलेली ती किमान मर्यादा होती आणि ती १९६७ साली ठरलेली होती! १९६७ सालच्या पाच हजार डॉलरांत त्या काळी नवी कोरी गाडी येऊन वर पैसे उरले असतील. आज कॅमेरे नि सेन्सर बसवलेल्या गाडीचा पुढचा भाग चेपला तरी पाच हजार पुरतील याची खात्री नाही. अँब्युलन्सच्या एका फेरीचं बिल हजार डॉलरांच्या पुढे सहज जातं, मग दोन ऑपरेशनांचा हिशेब तुम्हीच करा.

त्या स्कूटरवाल्याचं बिल लाख डॉलरांच्या वर गेलं. विमा कंपनीनं फार खळखळ न करता १५,००० चा चेक पुढे केला. तिच्या बाजूनं तिचं कर्तव्य संपलं. मग त्या माणसाच्या वकिलानं याच्याकडे पत्र पाठवून विचारणा केली, तुमच्या नावावर आणखी काय काय आहे? बँकेत किती, शेअर किती, घर आहे का, दुसरी एखादी पॉलिसी आहे का? घराच्या पहिल्या रकमेसाठी त्यानं साठ हजार डॉलर साठवले होते. दीड वर्ष पत्रव्यवहार चालला आणि शेवटी त्यातले पंचेचाळीस हजार देऊन तडजोड झाली. कोर्टात निकाल विरोधात गेला असता तर दर महिन्याच्या पगारातून कापून घेण्याची सोयही तिथल्या कायद्यात आहे. त्यापेक्षा हे बरं, असं त्याच्या वकिलानं सांगितलं.

सान डिएगोला तो आम्हाला भेटायला आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते नि तो ओट्याला टेकून हे सगळं सांगत होता. पैसे गेले त्याचं त्याला दुःख होतंच. पण तो म्हणाला, “काकू, शेवटच्या बैठकीत तो माणूस काठी टेकत आला होता. माझ्यावर रागावला नव्हता. पंधराच हजारांचा विमा घेऊन एवढी मोठी गाडी कशी काय चालवतात, एवढंच त्यानं वकिलाकडून मला विचारलं.” त्या माणसाला मिळालेल्या साठ हजारांतले साधारण एक तृतीयांश वकिलाचे, मग हॉस्पिटलचा हक्क. म्हणजे अपुऱ्या विम्याची मोठी झळ खरं तर त्यालाच बसली. आपण या विषयावर बोलतो तेव्हा आपलं घर कसं वाचवायचं एवढंच बोलतो. रस्त्यावर पडलेल्या माणसाचंही एक घर असतं.

त्याच वर्षी, म्हणजे २०२१ च्या दिवाळीत, त्याची आई खानापूरहून आमच्याकडे आली होती, ते मला आठवत होतं. पिशवीतनं घरचे तांदूळ आणले होते. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच विचारलं, “बाई, अमेरिकेचं कोर्ट आमचं शेत घेतंय काय?” मी तेव्हा आमच्या ओळखीच्या वकिलांना विचारून तिला सांगितलं होतं. शेत तिच्या नवऱ्याच्या नावावर, मुलाच्या देण्यापायी ते जाण्याचा प्रश्नच नाही. शिवाय अमेरिकेतल्या कोर्टाचा निकाल भारतात जसाच्या तसा अंमलात येत नाही, इथे नव्यानं दावा लावावा लागतो. तिनं ऐकून घेतलं. पण तिचा चेहरा काही सैल झाला नाही. मुलाच्या घराचे पैसे जाणार होते ते जाणारच होते.

आता मी वर्गात द्यायची तसं एक उदाहरण देते, कारण आकडे मांडल्याशिवाय हे डोक्यात शिरत नाही. समजा, एका गाडीनं दुसऱ्या गाडीला धडक दिली. दुसऱ्या गाडीतल्या तिघांची भरपाई अनुक्रमे २०,०००, १२,००० आणि ९,००० डॉलर ठरली. एकूण ४१,०००. गाडीचं नुकसान २२,०००. विमा १५/३०/५. पहिल्याला माणशी मर्यादेमुळे १५,०००च. उरलेल्या दोघांचे पूर्ण धरले तर बेरीज ३६,००० होते, पण अपघाताची मर्यादा ३०,०००, म्हणून कंपनी तिथेच थांबणार. माणसांपोटी अकरा हजार आणि गाडीपोटी सतरा हजार मिळून अठ्ठावीस हजार डॉलर चालवणाऱ्याच्या अंगावर. आणि हा काही मोठा अपघात नव्हे, कुणी कायमचं जायबंदीही झालेलं नाही.

आम्ही तिथे असतानाच, १ जानेवारी २०२५ पासून, कॅलिफोर्नियानं ही मर्यादा वाढवून ३०/६०/१५ केली. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांनी! २०३५ मध्ये ती ५०/१००/२५ होणार आहे. वरचं उदाहरण नव्या आकड्यांनी करून बघा: माणसांचे सगळे ४१,००० निघतात, गाडीचे सात हजार तरीही अंगावर येतात. आणि त्या स्कूटरवाल्यासाठी नव्या मर्यादेतही तीसच हजार मिळाले असते.

इतर राज्यांचं म्हणाल तर जितकी राज्यं तितके आकडे. टेक्सासमध्ये ३०/६०/२५. आपली इतकी मराठी मंडळी राहतात त्या न्यू जर्सीत स्टँडर्ड पॉलिसीची किमान मर्यादा जानेवारी २०२६ पासून ३५/७०/२५. फ्लोरिडात तर सर्वसाधारण वाहनचालकाला दुसऱ्याच्या शारीरिक इजेचा विमा सक्तीचाच नाही. स्वतःच्या औषधोपचाराचा दहा हजारांचा आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचा दहा हजारांचा असला की कायद्याचं समाधान. कमी मर्यादेच्या राज्यातून जास्त मर्यादेच्या राज्यात गाडी नेली तर बहुतेक पॉलिसी त्या राज्याच्या किमान आकड्यापर्यंत आपोआप वर चढतात, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. पण किमान म्हणजे शेवटी किमानच.

सगळं जग असं नाही. इंग्लंडमध्ये माणसाच्या इजेच्या भरपाईला मर्यादा नाही, मालमत्तेलासुद्धा किमान बारा लाख पौंडांचा विमा लागतो. दुबईत, जिथे गोव्याच्या नि आपल्याकडच्या घराघरातलं एक माणूस असतं, तिथे दुसऱ्याच्या मालमत्तेसाठीची मर्यादा वीस लाख दिरहम आहे. हिशेबात कंजुषी आहे ती जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातच.

आपल्याकडचं तरी मग सगळं छान आहे का? तेही नाही. आपल्याकडे आकडा नाही, पण हिशेबाची रीत आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत ती घालून दिली. अडतीस वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा, वर्षाला ३,६०,००० कमावणारा, घरी चार माणसं अवलंबून असलेला माणूस अपघातात गेला असं धरा. पुढच्या वाढीपोटी चाळीस टक्के मिळवायचे, झाले ५,०४,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले ३,७८,०००. त्या वयाचा गुणक १५. गुणाकार ५६,७०,००० रुपये. ही सगळी रक्कम विमा कंपनीनं द्यायची, ‘आमची मर्यादा संपली’ म्हणता येत नाही. दहावीच्या पोरानं सोडवावं असं गणित आहे. पण आमच्या शाळेतल्या एका शिपायाच्या घरच्यांना हे गणित सुटून हातात पैसे यायला सहा वर्षं लागली. तोवर धाकट्यानं शाळा सोडली होती. तिकडे रक्कम तोकडी, पण चेक लवकर. इकडे रक्कम पुरती, पण वाट बघून डोळे जातात. आणि समोरच्या गाडीला विमाच नसला तर आपल्या ‘लागेल तेवढी’ला काही अर्थ उरत नाही, तो भाग वेगळाच.

असो. किल्लीचं काय झालं ते सांगते.

मुलानं विमा एजंटाला फोन लावला आणि आवाज मोठा करून आम्हा दोघांना समोर बसवलं. मित्राचं प्रकरण बघितल्यावर त्यानं स्वतःची मर्यादा आधीच २५०/५००/१०० करून घेतली होती. आम्हाला वाटलं, मग अडचण कसली? अडचण पाहुण्याची होती. तिकडे विमा गाडीबरोबर चालतो असं म्हणतात, म्हणजे मालकाच्या परवानगीनं दुसऱ्या कुणी गाडी चालवली तरी संरक्षण मिळतं. पण कॅलिफोर्नियातल्या काही पॉलिसींत एक कलम असतं: नाव न नोंदवलेल्या माणसानं गाडी चालवली तर वरची मर्यादा लागू नाही, राज्याची किमान मर्यादाच लागू. म्हणजे मुलगा चालवत असेल तर अडीच लाखांची छत्री आणि वडिलांच्या हातात चाक आलं की एकदम खाली! शिवाय सहा महिने घरात राहणारा माणूस हा पाहुणा की घरातला, यावर क्लेमच्या वेळी वाद निघू शकतो तो निराळाच. एजंट बाई मोठ्या समजूतदार होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, नाव घाला. यांचं वय, लायसन्सचा नंबर, किती वर्षं चालवतात ते सगळं विचारून घेतलं. सहा महिन्यांसाठी हप्त्यात २१० डॉलरची भर पडली. हे मला हळूच म्हणाले, “एवढ्यात बेळगावात वर्षाचा हप्ता भरून होतो.” पण आपलं नाव अमेरिकेच्या पॉलिसीवर चढलं याचं त्यांना आतून बरं वाटलं असावं, कारण तो कागद त्यांनी घडी करून पाकिटात ठेवला.

त्याच फोनवर मुलानं ‘अम्ब्रेला’ पॉलिसीचीही चौकशी केली. ही गाडीच्या आणि घराच्या विम्याच्या वर धरलेली जादा छत्री. खालची मर्यादा संपली की हिची सुरू होते, साधारण दहा लाख डॉलरपासून पुढे. ती देताना खालच्या गाडीच्या विम्याची मर्यादा बरीच वर असावी अशी अट घालतात. वर्षाला तीनशे डॉलरच्या आसपास सांगितले. मला गणिताच्या दृष्टीनं गंमत वाटली ती ही की, मर्यादा पंधरापट वाढवली तर हप्ता पंधरापट होत नाही, त्याच्या जवळपासही जात नाही. कारण छोटे अपघात रोज होतात आणि मोठे क्वचित. वरचा मजला त्यामानानं स्वस्त पडतो. तरीही लोक किमान आकड्यावर का थांबतात? वेबसाइटवर सगळ्यात वरचा, सगळ्यात स्वस्त पर्याय तोच असतो आणि नवीन गेलेल्या पोराला वाटतं, सरकारनं ठरवलाय म्हणजे पुरेसाच असेल.

डिसेंबरात आमचे बडोद्याचे दीर-जाऊ तिकडे फिरायला आले. त्यांनी भाड्यानं गाडी घेतली. विमानतळावरच्या काउंटरवर त्या मुलीनं तीन-चार प्रकारचे विमे भराभर वाचून दाखवले. भावोजी म्हणाले, माझ्या क्रेडिट कार्डावर विमा आहे, शिवाय भारतातून प्रवासाचा विमाही घेतलाय. मुलगा सोबत होता म्हणून बरं. कार्डावरचा विमा भाड्याच्या गाडीच्याच नुकसानीचा असतो, समोरच्या माणसाचा नाही. आणि आपण इथून घेतो तो प्रवासाचा विमा मुख्यतः स्वतःच्या आजारपणाचा. त्यात ‘पर्सनल लायबिलिटी’ असा रकाना दिसला तरी मोटारगाडी चालवताना झालेलं नुकसान त्यातून बहुतेक वेळा वगळलेलं असतं. ज्याची स्वतःची अमेरिकन पॉलिसी नाही अशा पाहुण्यानं त्या काउंटरवर एक गोष्ट नक्की मागावी, ती म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा जादा विमा, ‘सप्लिमेंटल लायबिलिटी’. रोजचे काही डॉलर जातात. भावोजींनी कुरकुरत घेतला. बडोद्याच्या माणसाला काउंटरवर भाव न करता पैसे द्यायचे म्हणजे शिक्षाच.

त्यांच्याबरोबरच आम्ही एका रविवारी सीमा बघायला गेलो. सान डिएगोपासून मेक्सिकोची हद्द अर्ध्या तासावर. रस्त्यावर आधी मोठी पाटी येते, अमेरिकेतलं शेवटचं वळण, आणि आसपास दुकानांवर मेक्सिकन विम्याच्या पाट्या. मला आधी कळेना की पलीकडच्या देशाचा विमा इथे कशाला विकतात. कारण असं की, अमेरिकेचा लायबिलिटी विमा त्या रेघेवर संपतो. कॅनडात चालतो, मेक्सिकोत कायदा तो मानत नाही. तिथल्याच कंपनीची पॉलिसी लागते. नसली आणि अपघातात कुणी जखमी झालं, तर जबाबदारी ठरेपर्यंत नि पैशांची हमी मिळेपर्यंत चालवणाऱ्याला पोलिस अडकवून ठेवू शकतात. आम्ही गाडी अलीकडेच लावली आणि लांबून टेकडीवरची तिहुआनातली घरं बघितली. रंगीबेरंगी, एकावर एक. हे बराच वेळ कुंपणाकडे बघत उभे होते. म्हणाले, “आपलं कोगनोळी बरं.”

(आपल्या पॉलिसीतही ‘जिओग्राफिकल एरिया: इंडिया’ असं लिहिलेलं असतं, हे जाता जाता सांगते. स्वतःची गाडी घेऊन नेपाळ-भूतानला जाणारे हौशी लोक आता इंदूर-बडोद्याकडे बरेच झालेत. जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तानपुरतं हे क्षेत्र वाढवून मिळतं. पशुपतिनाथाला निघण्याआधी तो शिक्का मारून घ्यावा.)

यांनी गाडी चालवली का? चालवली. घरापासून इंडियन स्टोअरपर्यंत नि देवळापर्यंत, फ्रीवे सोडून. पहिले चार दिवस वळताना इंडिकेटरऐवजी वायपर फिरायचे, कारण तिकडच्या गाडीत ती दांडी उलट्या बाजूला. भर उन्हात कोरड्या काचेवर वायपर फिरवत निघालेले आजोबा बघून शेजारची मुलं हसायची. पण ओरखडा नाही आला एकही.

मार्चअखेर आम्ही परत आलो. आठवड्यानं खानापूरची ती बाई भेटायला आली, पुन्हा तांदळाची पिशवी घेऊन. लेकाची खुशाली विचारली, वाळलाय का, जेवतो का नीट. मग म्हणाली, “बाई, ते इमा-बिमा आता किती केलाय म्हणतोय?” मी म्हटलं, त्यालाच विचारूया. तिथंच फोन लावला. तिकडे रात्र होती, तो जागा होता. आईनं फोन हातात घेतला आणि पहिलंच वाक्य, “आकडे सांग.”

तो हसला असावा. तिनं माझ्याकडे हात केला, मी पेन दिलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान फाडून तिनं मागच्या कोऱ्या बाजूवर एकेक आकडा मोठ्यानं म्हणत लिहून घेतला. २५०. ५००. १००. मग कागदाची चौपदरी घडी करून कमरेच्या पिशवीत घातली आणि त्याला विचारलं, “आणि पुढल्या वर्षी?”